एका विहिरीच्या चार नोंदी

माझ्या लॅपटॉपची रॅम ८ जीबी. एकदा ब्राउझरमध्ये वीसेक टॅब उघडे असताना लिनक्सवर चालू प्रोग्रामांची यादी दाखवणारं 'टॉप' चालवलं आणि 'रेस' या रकान्यातल्या, म्हणजे प्रत्येकाने व्यापलेल्या रॅमच्या, आकड्यांची सहज बेरीज केली. ती ९ जीबीच्या वर गेली! स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, तर रिकामा होता.

शेजारचा 'व्हर्ट'चा रकाना त्याहून अचाट. तो काय मोजतो हे पाहायला सी भाषेत चार ओळी लिहिल्या: १ जीबी मेमरी मागायची आणि गप्प बसायचं. व्हर्ट लगेच १ जीबीने वाढला, रेस मात्र एक-दोन एमबीवरच. कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, नुसता पत्ता लिहून दिला होता, जागा दिलीच नव्हती. मग दर ४०९६ बाइटांमागे एक बाइट लिहीत गेलो. पहिल्यांदा हात लागेल तसं ४०९६ बाइटांचं एकेक पान खऱ्या रॅममध्ये येतं. अशी २,६२,१४४ पानं झाली तेव्हा रेसही १ जीबीपाशी पोचला.

म्हणजे रेस खरा, पण त्यात सामाईक पानंही धरलेली असतात. बहुतेक प्रोग्राम वापरतात त्या सी लायब्ररीचा कोड रॅममध्ये एकदाच असतो, पण तो वापरणाऱ्या प्रत्येक प्रक्रियेच्या, म्हणजे चालू प्रोग्रामच्या, नावावर मोजला जातो. चार भावांच्या सातबाऱ्यावर एकाच सामाईक विहिरीची नोंद असावी आणि कुणी चारही उतारे पाहून गावात चार विहिरी आहेत म्हणावं, तशी माझी बेरीज होती.

२००८ साली लिनक्स २.६.२५ मध्ये यावर तोड आली: पीएसएस (प्रपोर्शनल सेट साइज), म्हणजे वाट्यानुसार मोजलेली रॅम. चार प्रक्रिया वापरत असलेलं पान प्रत्येकीच्या खाती पाव धरायचं. या आकड्यांची बेरीज जुळते. कर्नल प्रक्रियांची माहिती मांडतो त्या प्रॉक फाइलप्रणालीतल्या 'स्मॅप्स' या फाइलमध्ये तो दिसतो. मात्र प्रत्येक पानाचे वाटेकरी मोजायचे म्हणजे वेळ लागतो, त्यामुळे टॉप अजूनही आधी रेसच दाखवतो.

पण अमुक प्रक्रिया बंद केली तर किती रॅम सुटेल, हे पीएसएसही सांगत नाही. सुटतात ती फक्त तिची खासगी पानं. एक भाऊ हिस्सा सोडून गेला म्हणून विहीर बुजत नाही. उरलेल्या तिघांचा वाटा पावावरून एक तृतीयांशावर जातो. मी एक टॅब (तीही एक प्रक्रियाच) बंद केला, तर बाकीच्यांचा पीएसएस चक्क वाढला.