आउटबोर्ड मोटर थंडीने फुटत नाही

"थंडीने धातू तडकला." अमेरिकेतल्या मिनेसोटात एप्रिलमध्ये तळ्यांवरचा बर्फ वितळून होड्या बाहेर निघाल्या की हे वाक्य हमखास ऐकू येतं. आउटबोर्ड मोटर म्हणजे होडीच्या मागे बाहेरून अडकवलेलं इंजिन. तिच्या खालच्या टोकाला, होडी ढकलणाऱ्या पंख्याच्या लगेच पुढे, गिअरचा डबा असतो. त्याच्या पोटाला केसाएवढी चीर पडलेली असते, तिच्यातून दुधी तेल ओघळलेलं असतं, आणि मालक म्हणतो की डब्याचं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला धातू, हलक्या दर्जाचं होतं. बिचाऱ्या कास्टिंगचा यात काही दोष नसतो.

हा डबा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. काही प्रकारचं पोलाद कडक थंडीत ठिसूळ होतं हे खरं, पण ॲल्युमिनियम होत नाही. द्रवरूप नैसर्गिक वायू उणे 162 अंश सेल्सिअसला ठेवावा लागतो, आणि तो वाहून नेणाऱ्या कित्येक जहाजांच्या टाक्या ॲल्युमिनियमच्याच असतात. मिनेसोटाचा आजवरचा नीचांक उणे 51 अंश (टॉवर नावाचं गाव, 2 फेब्रुवारी 1996); त्यानेही या धातूचं काही बिघडणार नाही. आकसण्याचं म्हणाल, तर 30 सेंटिमीटर लांबीचा डबा 50 अंशांनी थंड झाला तरी जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर आखडतो.

डबा फोडतं ते आत शिरलेलं पाणी. गोठताना जवळपास सगळे पदार्थ आकसतात, पाणी मात्र सुमारे 9 टक्के फुगतं. द्रव पाण्यात रेणू दाटीवाटीने, सतत जोडीदार बदलत फिरत असतात. बर्फात प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंधांनी बांधला जातो, तेही ठरलेल्या दिशांनीच. त्यातून षटकोनी पोकळ्यांची जाळी उभी राहते, आणि त्या पोकळ्यांना जागा लागते.

डब्यात थोडी हवा असेल तर बर्फाला वर सरकायला वाव मिळायला हवा, मग डबा फुटतो कसा? हा प्रश्न मला फार आवडतो. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून महिनोन्महिने मोटर उभी राहिली की ते तळाशी, सगळ्यात अरुंद कोपऱ्यात उतरतं. ॲल्युमिनियम उष्णतेचं उत्तम वाहक आहे, त्यामुळे गोठणं बाहेरून, भिंतीला चिकटून सुरू होतं. आधी भिंतीलगत बर्फाचं कवच धरतं, मग वरची वाट बुजते, आणि मधोमध थोडं पाणी कोंडून राहतं. ते गोठायला निघालं की त्याला जायला जागाच नसते. कोंडलेल्या पाण्यावर दाब वाढला की त्याचा गोठणबिंदू उतरतो. उणे 10 अंशांना त्याला द्रवच ठेवायचं तर साधारण 1,100 वातावरणांचा, म्हणजे 110 मेगापास्कलचा दाब लागतो. भिंत इतका दाब पेलेपर्यंत गोठणं थांबत नाही. आता गोल भिंतीतला ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी. त्रिज्या 40 आणि जाडी 5 मिलिमीटर धरली तर ताण दाबाच्या आठपट, 880 मेगापास्कल. ओतीव ॲल्युमिनियम त्याच्या निम्म्यातही हार मानतं. म्हणजे उणे 10 अंश गाठण्याच्या पुष्कळ आधीच चीर पडते. फ्रीजरमध्ये विसरलेली काचेची बाटली फुटते तीही अशीच.

ओले इव्हिनरूड यांनी 1909 मध्ये शेजारच्या विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीत विक्रीला आणलेल्या मोटरीतही उभा दांडा आणि पाण्याखाली दातेरी चाकं हीच रचना होती. तेव्हा पाणी आत शिरण्याचा धोका या यंत्राच्या जन्मापासूनचा आहे. शिरण्याची नेहमीची वाट म्हणजे पंख्याच्या दांड्यावरचं रबरी सील. गळाची नायलॉनची दोरी दांड्याला गुंडाळली जाते आणि फिरता फिरता सील कापते. पंखा काढून त्यामागे बोट फिरवलं की ती हाताला लागते.

म्हणून गिअर ऑइल शरद ऋतूतच बदलायचं, वसंतात नाही. डब्याचा खालचा स्क्रू सैल करायचा, मग वरचा काढायचा. आधी स्वच्छ पाण्याचे थेंब आले किंवा तेल दुधाळ दिसलं तर सील गेलं असं समजा. नवं तेल खालच्या भोकातून पंपाने भरायचं. ते वरून बाहेर येईपर्यंत, म्हणजे हवा अडकत नाही. स्क्रूचे वॉशर नवे घालायचे. कोकणात 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीत मोटरी काढून ठेवतात तेव्हा गोठण्याची भीती नसते, पण आत शिरलेलं पाणी खारं असतं आणि बेअरिंगं खातं. तपासणी तिथेही हीच.

इंजिन थंड ठेवणारं पाणी मोटर उभी ठेवली की आपसूक निथळतं. मात्र ती वर उचलून उघड्यावर ठेवली तर पंख्याच्या पोकळ मधल्या भागात पावसाचं नि बर्फाचं पाणी साचतं, आणि वरचीच गोष्ट तिथे घडते.

पेट्रोलबद्दल थोडक्यात. मिनेसोटातल्या पेट्रोलमध्ये साधारण 10 टक्के इथेनॉल असतं. ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास पाणी सामावतं, थंडीत त्याहून कमी. त्यापलीकडे पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर करतात. वेगळं झालेलं पेट्रोल पुन्हा "जसंच्या तसं" करण्याचा दावा करणाऱ्या बाटल्या विकतात, त्यांवर पैसे घालवू नका. पाणी आणि इथेनॉल एकमेकांना सोडायला तयार नसतात, आणि बाटलीभर रसायनाने टाकीतलं पाणी नाहीसं होत नाही. ते पेट्रोल उपसून टाकायचं. ऑक्सिडीकरण मंदावणारं स्टॅबिलायझर खरंच उपयोगी आहे, पण ताज्या पेट्रोलमध्ये घालून, आणि त्यानंतर इंजिन दहाएक मिनिटं चालवून, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचतं.

बॅटरी पूर्ण चार्ज करून मगच ठेवा. चार्ज असलेल्या शिसे-आम्ल बॅटरीतलं द्रावण उणे 50 च्याही खाली गोठतं. उतरलेल्या बॅटरीत आम्ल खर्ची पडून जवळपास पाणीच उरतं, आणि ते उणे 10 च्या आसपासच गोठून खोका फोडतं.