बेळगावची उपनगरवाढ

बेळगाव शहराच्या हद्दीबाहेरील शिवारात घरांच्या वसाहती, कारखाने, महामार्ग आणि शासकीय संकुले उभी राहून भोवतालची खेडी शहरात मिसळत जाण्याची प्रक्रिया. तिचा विस्तार मुख्यतः बेळगाव तालुक्यात असून तिचे पडसाद खानापूर तालुक्यात आणि महाराष्ट्रातील चंदगड तालुक्यातही उमटतात. या पट्ट्यातील बहुसंख्य खेडी मराठी भाषकांची आणि शेतकऱ्यांची आहेत. त्यामुळे इथे जमीन गेल्याची चर्चा दरापुरती राहत नाही. गावाचे गावपण आणि सीमाभागातील मराठी माणसाचे बळ हे दोन्ही प्रश्न तिला चिकटलेले असतात.

२०११च्या जनगणनेत महापालिका हद्दीतील लोकसंख्या सुमारे ४ लाख ८८ हजार होती, तर कॅन्टोन्मेंट आणि लगतच्या वस्त्या धरून होणाऱ्या नागरी समूहाची सुमारे ६ लाख १० हजार. हिंडलगा, पिरनवाडी, मच्छे, कंग्राळी बुद्रुक ही गावे त्या जनगणनेत नागरी वस्त्या म्हणून मोजली गेली, पण त्यांचा कारभार ग्रामपंचायतीच पाहत होत्या. शहर आधी येते आणि हद्द मागाहून सरकते, हा इथला जुना क्रम आहे. शहापूर हे एकेकाळी सांगली संस्थानातील गाव होते. वडगाव, अनगोळ, जुने बेळगाव, कणबर्गी, बसवन कुडची यांचीही स्वतंत्र पांढरी, म्हणजे गावठाणे, होती. आज ती सगळी शहरात आहेत, तरी अनगोळात किंवा वडगावात शिरले की गल्ल्यांची रचना, देवस्थान पंच कमिटी आणि दारातला कडब्याचा ढीग पाहून जुने गाव ओळखू येते.

वाढीची दिशा लष्कराच्या जमिनीने ठरवली. शहराच्या पश्चिम अंगाला कॅम्प, म्हणजे लष्कराचे कॅन्टोन्मेंट आहे. मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र १९२२पासून बेळगावात आहे, आणि पूर्वेला सांबऱ्यात विमानतळाला लागून हवाई दलाचे ठाणे आहे. या जमिनी बांधकामाला मिळत नाहीत, म्हणून वस्तीने कॅम्प ओलांडून उडी मारली. गणेशपूर, हिंडलगा, बेनकनहळ्ळी, सावगाव या बाजूला घरे वाढली ती त्यामुळे. निवृत्त जवानांनी फंडाच्या पैशातून बांधलेली घरे या भागात पुष्कळ दिसतात. दक्षिणेला खानापूर रस्त्याने उद्यमबागच्या फाऊंड्र्या आणि मशीन शॉप आधी आले, मग पिरनवाडी आणि मच्छे भरत गेले. १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे आवारही याच अंगाला आहे. उत्तरेला पुणे-बंगळूर महामार्गाने काकती आणि होनगा इथे औद्योगिक वसाहती झाल्या. त्याच महामार्गावर आग्नेयेला हलगा-बस्तवाडच्या माळावर सुवर्ण विधानसौध हे कर्नाटक विधिमंडळाचे भवन बांधले गेले. त्याचे उद्घाटन ११ ऑक्टोबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते झाले. अधिवेशनाचे थोडे दिवस सोडले तर इमारत शांत असते, परंतु तिच्यामुळे आसपासच्या जमिनीकडे पाहण्याची नजर कायमची बदलली.

शेताची साईट, म्हणजे घर बांधायचा भूखंड, कशी होते, हे समजल्याशिवाय ही वाढ समजत नाही. एका एकरात ४० गुंठे आणि एका गुंठ्यात १,०८९ चौरस फूट. इथे सर्वाधिक मागणी असलेली साईट ‘तीस बाय चाळीस’ची, म्हणजे १,२०० चौरस फुटांची. नियमाप्रमाणे लेआउट करायचा, म्हणजे भूखंड पाडायचे, तर जमीन विकास आराखड्यात ‘येलो झोन’ या निवासी पट्ट्यामध्ये असावी लागते, बिनशेतीचा आदेश घ्यावा लागतो, बुडाची म्हणजे नगरविकास प्राधिकरणाची मंजुरी लागते. रस्ते, बाग आणि सार्वजनिक सोयींसाठी जागा सोडल्यावर निम्म्याच्या आसपास जमीन विक्रीला उरते आणि एकरी अठरा-वीस साईट पडतात. ग्रीन बेल्टमधल्या, म्हणजे शेतीसाठी राखलेल्या जमिनीला हा मार्ग नाही. तिथे गुंठेवारी चालते. मालक किंवा मधला माणूस दोरी टाकून तुकडे पाडतो, बारा फुटांचा बोळ सोडतो आणि स्टॅम्प बाँडवर व्यवहार उरकतो. उताऱ्यावर नाव मूळ शेतकऱ्याचेच राहते. घेणारा बहुधा हातावर पोट असलेला कामगार असतो. त्याला बँक कर्ज देत नाही, ई-स्वत्तू या ग्रामपंचायत मिळकतींच्या संगणकीय नोंदीत त्याची जागा चढत नाही, आणि ‘अक्रम-सक्रम’ होईल, म्हणजे सरकार बेकायदा बांधकाम नियमित करील, या आशेवर तो वर्षे काढतो. गुंठेवारीला नुसते बेकायदा म्हणून हिणवणे सोपे आहे. शहराने कामगाराला परवडेल अशी दुसरी जागा ठेवली नाही, हेही त्याच दमात सांगायला हवे.

कूळ कायद्याने कसणाऱ्यांच्या नावावर जमिनी झाल्या आणि पुढे भाऊहिश्श्यात त्यांच्या पट्ट्या पडल्या. एका भावाने आपली पट्टी विकली की नवा मालक मुरूम टाकून ती दोन फूट उचलतो. मागच्या भावाच्या शेताची गाडीवाट बंद होते, वरून येणारे पावसाचे पाणी त्याच्या भातात तुंबते. दोन-तीन खरीप रोप कुजले की तोही विकायला तयार होतो. कागदावर ही खुशीची विक्री असते. कर्नाटक सरकारने २०२०मध्ये भूसुधारणा कायदा बदलून शेतकरी नसलेल्यांनाही शेतजमीन खरेदीची मुभा दिल्यापासून घेणाऱ्यांची बाजू आणखी भक्कम झाली.

शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, धामणे, हलगा हा दक्षिणेचा पट्टा काळ्या, ओल धरणाऱ्या जमिनीचा आहे. ‘बेळगावी बासमती’ म्हणून नाव मिळवलेला सुवासिक तांदूळ याच शिवारातला. सुगी झाली की त्याच ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा पेरतात आणि विहिरीच्या पाण्याविना दुसरे पीक पदरात पडते. पश्चिमेच्या तांबड्या जमिनीत बटाटा आणि रताळी होतात. काळी जमीन पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून घराच्या पायालाही ती चांगली नव्हे. शेतीला सर्वांत उत्तम आणि बांधकामाला सर्वांत वाईट अशी जमीन शहराच्या तोंडाशी आली, हे बेळगावचे दुर्दैव आहे. तिच्यातून वाहणारा बळ्ळारी नाला शहराचे सांडपाणी घेऊन येतो. गाळ आणि अतिक्रमणाने तो अरुंद झाला असून जोराचा पाऊस लागला की दोन्ही काठांचे भात पाण्याखाली जाते. लावणी, पूर, पुन्हा लावणी असा खर्च शेतकरी एकाच हंगामात करतो.

शहराला नको असलेल्या गोष्टीही गावांच्याच वाट्याला आल्या. कचऱ्याचा डेपो तुरमुरीला गेला. सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प हलग्याच्या पिकत्या जमिनीत, शेतकऱ्यांचा विरोध असताना. शहराची तहान मात्र राकसकोप जलाशय आणि हिडकल धरण भागवतात.

सर्वांत मोठा संघर्ष रस्त्यांवरून झाला. हलगा-मच्छे बायपास वर सांगितलेल्या काळ्या शिवारातून आखला गेला. पोलीस बंदोबस्तात काम रेटले गेले तेव्हा शेतकरी आणि त्यांच्या घरच्या बायका यंत्रांपुढे उभ्या राहिल्या, आणि प्रकरण न्यायालयात गेले. राष्ट्रीय महामार्गाचा ‘झिरो पॉइंट’, म्हणजे आरंभबिंदू, मुळात शहरातल्या फिश मार्केटजवळ असताना तो हलग्याला दाखवून आमची जमीन घेतली, असा शेतकऱ्यांचा मुद्दा आहे. शहराभोवतीच्या नियोजित रिंगरोडला तालुक्यातील अनेक गावांची जमीन लागणार असल्याने, सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या पुढाकाराने २०२२मध्ये शेतकऱ्यांनी हातात चाबूक घेऊन मोर्चा काढला. राष्ट्रीय महामार्ग कायद्याप्रमाणे अधिसूचनेनंतर हरकत घ्यायला २१ दिवस मिळतात. महसुली कागद कन्नडमध्ये असतो. मराठी शाळेत शिकलेल्या म्हाताऱ्याला तो वाचून दाखवणारा माणूस गाठावा लागतो, आणि त्यातले निम्मे दिवस तिथेच संपतात. मराठीतून कागदपत्रे द्या ही सीमाभागातील जुनी मागणी म्हणूनच भावनेपुरती मानता येत नाही. तिच्यावर जमीन टिकते किंवा जाते.

१९५६च्या राज्य पुनर्रचनेपासून महाराष्ट्राचा या भागावर दावा असून २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेपर्यंत जमिनीवरचे चित्र पालटते. नव्या वसाहतीत गोकाक, बैलहोंगल, सौंदत्तीकडून नोकरीसाठी आलेली कन्नड कुटुंबे राहतात, तशीच खानापूर आणि चंदगडहून आलेली मराठी कुटुंबेही. ती आपापली पोटे घेऊन आली आहेत, त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. पण गावाच्या मतदार यादीचा तोल बदलतो, आणि २००८च्या मतदारसंघ पुनर्रचनेत मराठीबहुल उचगाव विधानसभा मतदारसंघ पुसला गेल्यानंतर हा बदल पश्चिम भागाला जास्त झोंबला. २०१४ साली येळ्ळूरच्या वेशीवरचा ‘महाराष्ट्र राज्य’ हा फलक प्रशासनाने हटवला, त्यावेळी गावाने केलेला प्रतिकार या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो.

मच्छे आणि पिरनवाडीला आता पट्टण पंचायती, म्हणजे नगरपंचायती आहेत. दर्जा वाढला की घरपट्टी वाढते आणि ग्रामीण रोजगार हमीचे काम बंद होते. ज्यांची शेती गेली आणि ज्यांना कारखान्यातही जागा मिळाली नाही, अशा भूमिहीन बायकांना हा बदल आधी जाणवतो. वेंगुर्ला रस्त्याने हद्दीपलीकडे गेले की महाराष्ट्रातल्या शिनोळीतही कारखाने आहेत, आणि सकाळी दुचाक्यांची रांग दोन्ही दिशांना लागलेली असते.

तालुक्यातील गावांत वार पाळण्याची रीत अजून आहे. वडगावात आषाढातल्या मंगाई देवीच्या यात्रेआधी काही आठवडे ठरलेल्या वारी शिवारात औत जात नाही, नांगर-खुरपे घरी राहते. वडगाव महापालिकेत येऊन कितीतरी वर्षे लोटली, शेतांच्या मधोमध तीनमजली घरे उभी राहिली. वाराच्या दिवशी त्या घरांची कामे चालूच असतात, सिमेंटचा मिक्सर फिरत असतो. शेजारच्या उरलेल्या पट्टीत मात्र त्या दिवशी कोणी पाऊल टाकत नाही.