पनेट चौकोन

आई-वडिलांकडच्या जनुकांच्या जोड्या ठाऊक असतील तर संततीत कोणता गुण किती संभाव्यतेने उतरेल, हे मांडून दाखवणारा चौकटींचा तक्ता म्हणजे पनेट चौकोन. केंब्रिज विद्यापीठातील आनुवंशिकीतज्ज्ञ रेजिनल्ड क्रंडल पनेट (१८७५–१९६७) यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो वापरात आणला. शाळेत हा चौकोन सर्वांना भेटतो, पण बहुतेकांच्या लक्षात ‘तीनास एक’ एवढेच उरते. ते गुणोत्तर कशाचे, आणि एकाच घरातल्या दोन-चार मुलांबद्दल ते काय सांगते, हा भाग मात्र निसटतो. लोकांना या चौकोनाची खरी गरज पडते ती नेमकी तिथेच.

मांडणी

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एकाच जनुकाच्या निरनिराळ्या रूपांना अलील म्हणतात. बीजपेशी तयार होताना जोडी फुटते आणि प्रत्येक बीजपेशीत दोहोंपैकी एकच प्रत जाते. कोणती जाईल, हे नाणेफेकीसारखे असते. पनेट चौकोनात एका पालकाच्या बीजपेशी वरच्या ओळीत आणि दुसऱ्याच्या डाव्या स्तंभात लिहितात. मग आडवे-उभे जुळवून आतल्या चौकटी भरतात.

जोडीत एकच प्रत असली तरी ज्याचा गुण दिसतो तो अलील प्रभावी, आणि त्याच्यापुढे झाकला जातो तो अप्रभावी. रोमन लिपीत प्रभावी अलीलला मोठे अक्षर आणि अप्रभावी अलीलला तेच अक्षर लहान, असा संकेत आहे. देवनागरीत ती सोय नाही. म्हणून इथे वाटाण्याच्या गोल दाण्यासाठी ‘ग’ आणि सुरकुतलेल्या दाण्यासाठी ‘स’ घेऊ. दोन मिश्र झाडांचा, म्हणजे ‘गस’ आणि ‘गस’ यांचा संकर असा दिसतो :

| | ग | स |
|---|---|---|
| ग | गग | गस |
| स | गस | सस |

चारही चौकटी सारख्याच संभाव्य आहेत. ‘ग’ प्रभावी असल्याने तीन चौकटींतले दाणे गोल दिसतात आणि एकीतले सुरकुतलेले. दिसणारे गुणोत्तर ३:१, पण जनुकांच्या जोड्यांचे १:२:१. पहिल्याला सरूपविधेचे आणि दुसऱ्याला जनुकविधेचे गुणोत्तर म्हणतात. या दोन गुणोत्तरांमधला फरक पुढे माणसांच्या बाबतीत फार मोलाचा ठरतो.

मेंडेलची मोजणी

हा चौकोन मेंडेलने काढलेला नाही, तरी त्यातला हिशेब मेंडेलचाच. ब्रनो (आताचे चेक प्रजासत्ताक) येथील मठाच्या बागेत ग्रेगोर मेंडेल यांनी १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्यावर प्रयोग केले आणि १८६६ मध्ये निबंध छापला. दुसऱ्या पिढीत त्यांना ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे मिळाले, म्हणजे २.९६ : १.

त्याहून सुंदर आहे तो त्यांचा पुढचा प्रयोग. सगळे गोल दाणे डोळ्यांना सारखेच दिसतात. त्यातले शुद्ध किती आणि सुरकुतीचा अलील पोटात बाळगणारे किती, हे कळावे म्हणून त्यांनी गोल दाण्यांपासून ५६५ झाडे वाढवली आणि प्रत्येकाच्या शेंगा तपासल्या. १९३ झाडांना फक्त गोल दाणे आले. ३७२ झाडांना दोन्ही प्रकारचे आले. म्हणजे गोल दिसणाऱ्यांत दोन-तृतीयांश मिश्र निघाले. वरच्या तक्त्यातील ‘सस’ची चौकट बोटाने झाकली तर उरलेल्या तीनपैकी दोन चौकटी ‘गस’च्या आहेत, ते हेच.

सुरकुती कशाने पडते हे १९९० मध्ये उलगडले. स्टार्चला फांद्या फोडणाऱ्या विकराच्या जनुकात डीएनएचा एक जादा तुकडा घुसल्याने ते विकर नीट बनत नाही. दाण्यात साखर साठते, साखरेबरोबर पाणी जास्त शिरते आणि दाणा वाळला की साल सुरकुतते. मिश्र दाणा वरून गोल असतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे स्टार्चचे कण मधल्याच प्रकारचे दिसतात. तेव्हा एखादा अलील ‘प्रभावी’ ठरतो की नाही, हे आपण कुठल्या पातळीवर पाहतो त्यावरही अवलंबून असते.

पनेट आणि हार्डी

१९०० मध्ये मेंडेलचे काम पुन्हा उजेडात आले. इंग्लंडमध्ये विल्यम बेटसन यांनी त्याचा हिरिरीने पुरस्कार केला आणि पनेट त्यांचे सहकारी झाले. दोघांनी १९१० मध्ये ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ सुरू केले. पुढे त्याचे संपादक जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले आणि त्यांच्यासोबत नियतकालिकही आले. आज ते बंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसतर्फे निघते.

प्रभावी गुण पिढ्यानपिढ्या वाढत जाऊन शेवटी तीनास एक या प्रमाणात सगळीकडे का पसरत नाही, अशी शंका त्या काळी घेतली गेली. पनेट यांनी ती आपले क्रिकेटमधले सोबती, गणितज्ञ जी. एच. हार्डी यांच्यापुढे ठेवली. हार्डी यांनी १९०८ मध्ये दाखवून दिले की निवड, स्थलांतर वगैरे काही नसेल आणि जोड्या यदृच्छेने जुळत असतील, तर लोकसंख्येतले अलीलांचे प्रमाण बदलत नाही. ‘प्रभावी’ म्हणजे ‘जास्त आढळणारा’ नव्हे. हा गैरसमज अजूनही पुष्कळ ठिकाणी दिसतो.

संभाव्यतेचे दोन नियम

चौकोनात मुळात दोनच नियम आहेत. स्वतंत्र घटना एकत्र घडण्याची संभाव्यता गुणाकाराने मिळते : आईकडून ‘स’ १/२, वडिलांकडून ‘स’ १/२, म्हणून ‘सस’ १/४. एकच परिणाम वेगवेगळ्या वाटांनी होत असेल तर बेरीज : ‘गस’ दोन वाटांनी येतो, म्हणून १/४ + १/४ = १/२.

दोन गुण एकदम घेतले तर चौकटी सोळा होतात आणि ९:३:३:१ हे गुणोत्तर येते : नऊंत दोन्ही गुण प्रभावी, तीन-तीनांत एकेक प्रभावी आणि एकात दोन्ही अप्रभावी. मेंडेलना ५५६ दाण्यांत ३१५, १०८, १०१ आणि ३२ असे आकडे मिळाले होते. तीन गुणांना ६४ चौकटी लागतात. तिथे चौकोन आखत बसू नये, सरळ गुणाकार करावा : तिन्ही अप्रभावी गुण एकत्र येण्याची संभाव्यता १/४ × १/४ × १/४ = १/६४.

सिकलसेल आणि घरातला चौकोन

महाराष्ट्रात या चौकोनाचा सर्वांत गंभीर उपयोग सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या समुपदेशनात होतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर हे विदर्भातले जिल्हे आणि सातपुड्यातला नंदुरबार इथे आदिवासी समाजांत, तसेच विदर्भातील इतर काही समाजांतही या आजाराचा अलील आढळतो. त्याने हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतले सहावे अमिनो आम्ल बदलते. प्राणवायू कमी झाला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. दोन्ही प्रती सदोष असणाऱ्याला ‘एसएस पॅटर्न’ म्हणजे रुग्ण आणि एक प्रत सदोष असणाऱ्याला ‘एएस पॅटर्न’ म्हणजे वाहक म्हणतात. वाहकाला सहसा त्रास होत नाही. सोल्युबिलिटी चाचणीत सदोष हिमोग्लोबिनचा अंश कळतो, पण वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या तपासणीने ठरते. वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन शेजारी-शेजारी दिसते, वाटाण्यातल्या स्टार्चच्या कणांची आठवण करून देणारे.

नवरा-बायको दोघेही एएस असतील तर चौकोन वरचाच : १/४ एए (दोन्ही प्रती निर्दोष), १/२ एएस, १/४ एसएस. समुपदेशकापुढे बसलेल्या आईचा प्रश्न बहुधा असा येतो : ‘मॅडम, पहिल्याला निघाला, म्हणजे पुढचे तिघं चांगले ना?’ इथे चौकोन चुकीचा वाचला जातो. चार चौकटी म्हणजे चार मुले नव्हेत. प्रत्येक गरोदरपणाला अख्खा चौकोन नव्याने मांडला जातो आणि पहिल्या मुलाला काय झाले याची त्याला काही आठवण नसते. चार मुले होणाऱ्या अशा जोडप्यांत सुमारे ३२ टक्क्यांना एकही एसएस मूल नसेल, ४२ टक्क्यांना नेमके एक असेल, २१ टक्क्यांना दोन, जवळपास ५ टक्क्यांना तीन, आणि २५६ पैकी एका घरात चारही मुले रुग्ण असतील. ज्या घरात दोन रुग्ण आहेत तिथे कोणाची चूक झालेली नसते, नशीब खोटेही नसते. आणि अलील दोघांकडून आलेला असल्याने सुनेला एकटीला बोल लावण्यात काहीच अर्थ नाही.

मेंडेलचे ५६५ दाणे इथे परत येतात. रुग्णाचा धडधाकट भाऊ ‘मला काही नाही’ म्हणून तपासणी टाळतो. तो रुग्ण नाही हे ठरलेच आहे, म्हणजे ‘एसएस’ची चौकट झाकली. उरलेल्या तीनपैकी दोन चौकटी वाहकाच्या आहेत. तो वाहक असण्याची संभाव्यता १/२ नव्हे, २/३ आहे. त्याने न तपासता वाहक मुलीशी लग्न केले तर पहिल्या बाळाला आजार होण्याची संभाव्यता २/३ × १/४ = १/६ होते. लग्नाआधी एका रक्ततपासणीने हा २/३ चा आकडा शून्य किंवा एक होऊन जातो. म्हणून पत्रिकेआधी रक्ताचा अहवाल जुळवा, असा आग्रह धरला जातो आणि तो योग्यच आहे. एएस आणि एए यांचे लग्न झाले तर एकही मूल एसएस होत नाही, त्यामुळे वाहकाने लग्नच करू नये असे मुळीच नाही.

रक्तगटाचाही असाच घोळ होतो. ए गटाची आई आणि बी गटाचे वडील यांना ओ गटाचे मूल झाले की घरात कुजबुज सुरू होते. दोघांकडे ओचा अप्रभावी अलील दडलेला असेल तर ए, बी, एबी आणि ओ हे चारही गट प्रत्येकी १/४ संभाव्यतेने येतात.

चौकोन कुठे थांबतो

उंची आणि त्वचेचा रंग यांसारखे गुण पुष्कळ जनुकांनी व परिस्थितीने घडतात, त्यांना दोन-दोनचा चौकोन लागू पडत नाही. जीभ नळीसारखी वळवता येणे हा एका जनुकाचा गुण म्हणून वर्गात अजूनही शिकवला जातो, पण तंतोतंत सारख्या जुळ्यांतही एकाला ते जमते आणि दुसऱ्याला नाही.

दुसरी मर्यादा पनेट यांनाच भेटली. बेटसन, एडिथ सॉन्डर्स आणि ते शोभेच्या स्वीट पीवर काम करत होते. फुलाचा जांभळा रंग आणि परागकणाचा लांबट आकार, असे दोन गुण घेतल्यावर ९:३:३:१ यायला हवे होते. ६,९५२ झाडांत आले ४,८३१, ३९०, ३९३ आणि १,३३८. मूळ पालकांतल्या जोड्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त आणि नव्या जोड्या फारच थोड्या. दोन्ही जनुके एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असल्याने ती सहसा एकत्रच पुढे जातात, हा खुलासा पुढे टॉमस हंट मॉर्गन यांच्या फळमाश्यांवरील कामातून मिळाला. अशा वेळी चौकोन आखता येतो, पण सोळा चौकटी सारख्या वजनाच्या धरता येत नाहीत. दोन जनुकांमधल्या अंतरानुसार प्रत्येक बीजपेशीला वेगळी संभाव्यता द्यावी लागते.