एक स्टेशनरी उभी, दुसरी विकाऊ

शाळेजवळच्या दुकानाच्या पाटीवर इंग्रजीत 'स्टेशनरी' असं रंगवलेलं असतं आणि बरेचदा त्यात शेवटून तिसरं अक्षर चुकलेलं असतं. 'ई' हवा तिथे 'ए'. पेंटरला तरी काय बोलणार? दोन्ही शब्दांचा उच्चार एकच, आणि देवनागरीत लिहिलं की फरक उरतच नाही.

'ए'वाली स्टेशनरी म्हणजे जागची न हलणारी. सिग्नलला उभी असलेली गाडी, जिममधली सायकल. भूस्थिर उपग्रहाच्या इंग्रजी नावात हीच आहे: विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर तो पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून खालून एका जागी ठाकलेला भासतो. 'ई'वाली म्हणजे वह्या, पेनं, खोडरबर, पाकिटं.

अर्थ इतके लांबचे, पण मूळ एकच. लॅटिन 'स्तारे' म्हणजे उभं राहणं. हा आपल्या 'स्था'चा नातेवाईक, त्यामुळे स्टेशन आणि स्थानक हे शब्द एकाच कुळातले. मध्ययुगीन युरोपात फिरून माल विकणारे पुष्कळ असत. पण बोलोन्या, पॅरिस अशा विद्यापीठांच्या गावी पुस्तकवाल्याचा ठरलेला ठिय्या असे. म्हणून तो 'स्टेशनारियस'. छपाई अजून यायची होती. त्याच्याकडे ग्रंथाची तपासलेली प्रत सुट्या भागांत असे. एकेक भाग भाड्याने न्यायचा, नकलून परत आणायचा. तोवर दुसरा कुणी दुसरा भाग उतरवतोय. कॉलेजच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्याचा हा पूर्वजच म्हणायचा.

लंडनमध्ये या मंडळींनी १४०३ मध्ये आपला संघ काढला आणि १५५७ मध्ये त्याला राजाज्ञेची सनद मिळाली. पुढे पुस्तकविक्रेता वेगळा झाला, 'स्टेशनर' कागद-शाईपुरता उरला आणि तो विकतो ती स्टेशनरी. स्पेलिंगची खूणही इथेच सापडते: ग्रोसरची ग्रोसरी, बेकरची बेकरी, तशी स्टेशनरची स्टेशनरी. विकणारा माणूस दिसला की 'ई'. 'एन्व्हलप'मधला 'ई' आठवा असं शिक्षक सांगतात, तेही चालतं. मला दुकानदार जास्त लक्षात राहतो.

त्याच पाटीवर पुढे 'कटलरी' असतं आणि आत मिळतात बांगड्या नि टिकल्या. इंग्रजाला तिथे सुऱ्या-काटे अपेक्षित असतात, पण ती चूक पेंटरची नव्हे. तो शब्द आपण केव्हाच आपला करून टाकलाय.