लंडन–पॅरिस: जाताना दोन तास वीस मिनिटं, येताना वीसच?

समजा, लंडनहून सकाळी १०:०० ला सुटणारं विमान पॅरिसला १२:२० ला पोचतं आणि परतीचं विमान तिकडून १०:०० ला निघून लंडनला १०:२० ला टेकतं. पहिल्यांदाच युरोपला निघालेला माणूस वजाबाकी करतो आणि तिकीट चुकलंय असं समजतो. तिकीट बरोबर असतं. दोन्ही वेळा प्रवास एक तास वीस मिनिटांचाच आहे.

सुटण्याची आणि पोचण्याची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापतात. पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असतं, त्यामुळे जाताना एक तास वाढलेला दिसतो आणि येताना गळालेला. मुंबईहून गुवाहाटीला गेलो तरी आपल्याला घड्याळाला हात लावावा लागत नाही, म्हणून ही सवय आपल्या अंगात नाही. उन्हाळी वेळ (उन्हाळ्यापुरतं घड्याळ एक तास पुढे करण्याची तिकडची पद्धत) दोन्ही शहरांत एकाच क्षणी सुरू होते आणि संपते, तेव्हा हा एक तास वर्षभर कायम राहतो.

सूर्याला विचारलं तर मात्र फरक जेमतेम ९ मिनिटांचा! पॅरिस लंडनमधल्या ग्रीनिचच्या पूर्वेला सव्वादोन अंशांहून थोडंसंच पुढे आहे. १९११ साली फ्रान्सने ग्रीनिचची वेळ स्वीकारली, पण कायद्यात ग्रीनिचचं नाव न घेता ‘पॅरिसची वेळ उणे ९ मिनिटं २१ सेकंद’ असं लिहिलं. मग जून १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये आल्या आणि शहराची घड्याळं बर्लिनशी जुळवली गेली. युद्ध संपलं तरी फ्रान्स मध्य युरोपच्या वेळेवरच राहिला. नकाशावर हा तास शोधून सापडत नाही, तो इतिहासातून आलाय, आणि मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात विलक्षण वाटते.

आता कालावधीकडे. दोन शहरांमधलं सरळ रेषेतलं अंतर सुमारे ३४४ किलोमीटर. ताशी ८०० च्या वेगाने ते अर्ध्या तासाच्या आत संपायला हवं. पण तिकिटावरचा कालावधी विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण, लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरायची पाळी येईपर्यंत आकाशात घातलेल्या घिरट्या, सगळं त्यात येतं. एवढ्या छोट्या पल्ल्यात विमान पूर्ण वेगाने फार थोडा वेळ उडतं.

कुठला आकडा कधी वापरायचा? पॅरिसला पुढची गाडी पकडायची असेल किंवा कुणी न्यायला येणार असेल, तर पोचण्याची छापील वेळ जशीच्या तशी कळवा, तीत काही मिळवू नका. दोन औषधांमधले तास मोजायचे असतील तर कालावधी बघा.

समुद्राखालच्या बोगद्यातून जाणाऱ्या युरोस्टार गाडीलाही हेच लागू. प्रवास साधारण सव्वादोन तासांचा, पण घड्याळ जाताना सव्वातीन दाखवतं आणि येताना सव्वा.