थिओबाल्ड बोम

बोम, थिओबाल्ड (९ एप्रिल १७९४ – २५ नोव्हेंबर १८८१) : जर्मन बासरीवादक, संगीतरचनाकार आणि वाद्यनिर्माता. आज जगभरच्या वाद्यवृंदांत वाजणारी धातूची आडवी बासरी, म्हणजे फ्लूट, मूलतः त्याने घडवलेली आहे. जन्म आणि मृत्यू म्युनिक येथे. वडील सोनार होते, त्यामुळे धातूकाम तो घरीच शिकला. १८१०च्या सुमारास ड्रेस्डेनच्या ग्रेन्सर या कारागिराची चार चाव्यांची बासरी पाहून त्याने स्वतःसाठी तशीच एक बनवली. दरबारी वादक कापेलर याच्याकडे त्याने वादनाचे धडे घेतले आणि १८१८ मध्ये तो स्वतः बव्हेरियाच्या दरबारी वाद्यवृंदात दाखल झाला. १८२८ मध्ये त्याने म्युनिकमध्ये बासऱ्यांचा कारखाना काढला.

१८३१ मध्ये लंडनला गेला असता त्याने चार्ल्स निकल्सन या इंग्लिश बासरीवादकाचे वादन ऐकले. निकल्सनच्या बासरीची छिद्रे मोठी होती आणि तिचा आवाज भरदार होता. आपल्या वाद्यातून तसा नाद निघत नाही, हे बोमला तिथे उमगले. निकल्सनला ऐकले नसते तर आपली बासरी बहुधा जन्मालाच आली नसती, असे त्याने पुढे लिहून ठेवले आहे.

जुन्या बासरीची छिद्रे बोटे पोहोचतील तिथे पाडलेली असत. त्यामुळे काही स्वर खणखणीत, तर काही दबलेले निघत. बोमने हा क्रमच उलटा केला. छिद्रे ध्वनीला हवीत तिथे आणि हवी तेवढी मोठी पाडायची, ती मिटवण्याची सोय मागाहून करायची. उजवा अंगठा वाद्य तोलण्यात गुंतलेला असल्याने छिद्रे मिटायला बोटे उरतात नऊ, आणि छिद्रे त्याहून जास्त. म्हणून १८३२ च्या बासरीत त्याने छिद्रांभोवती कड्या बसवून त्या लांब दांड्यांना जोडल्या. एक बोट टेकले की दूरचे दुसरे झाकणही त्यासरशी मिटे. स्वतः बोमलाही बोटांची जुनी सवय मोडून वादन नव्याने शिकावे लागले. चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या, नावाजलेल्या वादकाने हे पत्करावे, ही त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत धाडसाची गोष्ट म्हणावी लागेल. कॅप्टन गॉर्डन या हौशी वादकाच्या बासरीवरून त्याने ही कल्पना उचलली, असा आरोप पुढे झाला आणि वाद बराच गाजला.

मधली काही वर्षे पोलादनिर्मितीच्या सुधारणांत गेली. नंतर त्याने शाफहॉइटल या शास्त्रज्ञाकडे ध्वनिशास्त्राचा अभ्यास केला आणि १८४७ मध्ये बासरी पुन्हा मुळापासून घडवली. आधीची नळी खाली निमुळती होत जाई. नव्या नळीचा आतला व्यास सरळ १९ मिमी. ठेवला आणि निमुळतेपणा फक्त डोक्याकडच्या भागात, बंद टोकाकडे १७ मिमी.पर्यंत, आणला. छिद्रे आता इतकी मोठी झाली की बोटाच्या पेरांनी ती झाकेनात, म्हणून मऊ गाद्यांची झाकणे आली. निर्मितीचे हक्क लंडन आणि पॅरिसच्या कारखानदारांनी घेतले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात या बासरीला पदक मिळाले.

पॅरिसच्या संगीत विद्यालयात तुलू या प्राध्यापकाने बोमच्या बासरीला कडवा विरोध केला. १८६० मध्ये त्याच्या जागी दोरुस हा बासरीवादक आल्यावर ती तिथे रुजली. बोमने जवळजवळ सर्व चाव्या एकाच तर्काने रचल्या होत्या : दाबली नाही तर चावी उघडी राहावी. दोरुसने त्यांतली ‘जी शार्प’ या स्वराची चावी एरवी मिटलेली राहील अशी केली आणि बहुतेक वादकांनी हाच बदल स्वीकारला. वादकांच्या दृष्टीने तो सोयीचा असला, तरी बोमची मूळ रचना अधिक सुसंगत होती. कड्यांची युक्ती क्लोझे हा वादक आणि ब्यूफे हा वाद्यनिर्माता यांनी क्लॅरिनेटलाही लावली.

१८४८ मध्ये वाद्यवृंदातून निवृत्त झाल्यावर त्याने खालच्या पट्टीची आल्टो बासरी घडवली आणि तिच्यासाठी संगीतही सिद्ध केले. बासरीची घडण आणि वादन यांवरचा त्याचा ग्रंथ १८७१ मध्ये निघाला.