शाळेतले फ्रेंचचे मार्क आणि डेल्फचं प्रमाणपत्र

संस्कृत घ्यायचं की फ्रेंच, असं पालक विचारतात तेव्हा त्यांच्या मनात दोन हेतू असतात आणि बहुतेकदा ते एकमेकांत मिसळलेले असतात: दहावीची टक्केवारी आणि पुढचं परदेशी शिक्षण. पहिल्यासाठी शाळेचा पेपर पुरतो. दुसऱ्यासाठी डेल्फसारखी फ्रेंचची वेगळी परीक्षा द्यावी लागते. बोर्डात फ्रेंचला ९५ पडले, तरी फ्रान्समधली विद्यापीठं भाषेचा पुरावा म्हणून सहसा गुणपत्रिका धरत नाहीत.

शाळेचा पेपर पुस्तकावर बेतलेला असतो. क्रियापदाचं रूप लिहा, गाळलेली जागा भरा, उताऱ्यावरची उत्तरं द्या, भाषांतर करा. 'अले' (जाणे) हे क्रियापद नीट चालवता आलं (ज व्हे, तू व्हा, इल व्हा) की मार्क हातात. याला नावं ठेवायचं कारण नाही. व्याकरण शाळेत पक्कं झालं की पुढे फार त्रास वाचतो, आणि निर्जीव वस्तूंनाही लिंग असतं ही गोष्ट मराठी मुलांना नव्याने समजावावी लागत नाही.

डेल्फ हे फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाचं प्रमाणपत्र, १९८५ पासूनचं. त्याच्या ए-१, ए-२, बी-१ आणि बी-२ अशा सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या चार पातळ्या. प्रत्येक परीक्षा १०० गुणांची: ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी २५. पास व्हायला ५० लागतात, पण एकाही भागात ५ पेक्षा कमी पडले तर नापास. म्हणजे नुसत्या लिखाणाच्या जोरावर निभत नाही.

ए-२ची तोंडी परीक्षा पाहा. मूल आधी स्वतःची ओळख करून देतं, मग एखाद्या विषयावर थोडं सलग बोलतं, आणि शेवटी चिठ्ठीतल्या प्रसंगाप्रमाणे संवाद करतं. समोरचे परीक्षक, समजा, दुकानदार होतात. काय हवं ते सांगायचं, भाव विचारायचा, पैसे द्यायचे. सगळं मिळून सहा ते आठ मिनिटं. शाळेत पैकीच्या पैकी मिळवणारी मुलं इथे गप्प बसतात, कारण वर्गात त्यांना कधी कोणी बोलतं केलेलंच नसतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून माझं स्पष्ट मत: फक्त टक्के हवे असतील तर संस्कृत तितकंच चांगलं, शिवाय घरच्या भाषेला जवळचं. फ्रेंच घ्यायचं ते बोलायची तयारी ठेवून. शाळेत दोन-तीन वर्षं नीट शिकलेल्या मुलाला साधारण ए-२ पेलते, आणि आधी ए-१ न देता थेट ए-२ला बसता येतं. शाळकरी मुलांसाठी 'ज्युनिअर' आवृत्ती आहे. विषय त्यांच्या वयाचे असतात, प्रमाणपत्राची किंमत मात्र मोठ्यांच्या प्रमाणपत्राइतकीच. ते आयुष्यभर चालतं. फ्रान्समध्ये फ्रेंच माध्यमातून पदवी करायची तर सहसा बी-२ मागतात.

कॅनडाचं गणित वेगळं. तिथे स्थायिक व्हायला ज्या एक्सप्रेस एन्ट्री पद्धतीने अर्ज करतात, तिच्यासाठी डेल्फ चालत नाही. टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा ही फ्रेंचची वेगळी परीक्षा द्यावी लागते, आणि तो निकाल दोनच वर्षं धरला जातो. त्यामुळे दहावीतल्या मुलाला कॅनडाच्या नावाखाली त्या परीक्षेला बसवू नका. अर्ज करायच्या वयापर्यंत तो निकाल कधीच बाद झालेला असेल.